मागचं कसं आलं?

फोटो हाती आला की माणसे आधी चेहरा शोधतात. चाचा त्या चेहऱ्यावर अंगठा ठेवीत. मग तो चेहरा बोहल्यावरच्या नवरीचा असो, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या उमेदवाराचा असो, की ताडोब्याच्या पाणवठ्यावर टिपलेल्या वाघिणीचा. अंगठ्याखाली तो झाकल्यावर जे उरे, त्याच्याकडे ते डोळे बारीक करून पाहत राहत. ओठांचा चंबू होई, गरम चहा पिताना होतो तसा हवा आत ओढल्याचा आवाज येई, आणि निकाल लागे.

“साय हाय, साय!”

नाहीतर, “चिवडा झाला, बाप्पा. पुरा चिवडा.”

सिंदेवाहीच्या बाजारगल्लीत त्यांचा स्टुडिओ होता आणि त्याच्या माडीवर माझी भाड्याची खोली. गावातल्या महाविद्यालयात मी मराठी शिकवायला आले, तेव्हा चाचांचे केस पूर्ण पांढरे झालेले होते आणि दाढी मात्र मेंदीने केशरी. सारे गाव त्यांना चाचाच म्हणे. दुकानाच्या पाटीवर त्यांचे खरे नाव होते; पण ती अक्षरे उन्हाने इतकी विरघळली होती की, चाचांनी ती मुद्दाम तशी रंगवून घेतली असावीत, असा गावाचा समज होता. चाचांनी तो समज कधी दूर केला नाही.

छायाचित्रात माणूस रेखीव उमटतो आणि त्याच्या पाठीमागचे झाड, भिंत, आकाश हे सारे आपापल्या कडा सोडून एकमेकांत मिसळते. त्या मिसळण्याला चाचा नुसते ‘मागचं’ म्हणत. गिऱ्हाइकाने फोटो नेला की दुसऱ्या दिवशी ते त्याला भर रस्त्यात अडवून विचारीत, “मागचं कसं आलं?” बिचारा गोंधळे. त्याने स्वतःचे नाक, बायकोचा पदर आणि धाकट्याची मिटलेली पापणी, एवढेच पाहिलेले असे.

धूसर ते सगळेच सुंदर, असे मात्र चाचांच्या लेखी मुळीच नव्हते. जिथे हिरवा निळ्यात असा उतरतो की कोणता कुठे संपला ते सांगता येऊ नये, ती साय. जिथे प्रत्येक फांदीच्या दोन-दोन फांद्या होतात आणि पानांची नुसती कचकच माजते, तो चिवडा. पानांच्या फटींतून आलेला उजेड मागे गोल ठिपक्यांनी साकळतो. ते ठिपके पोटात भरीव आणि काठाला मवाळ असतील तर ते बत्ताशे, आणि काठ कडक, पोट रिकामे असेल तर त्या बांगड्या. “बांगड्या हातात चांगल्या,” ते म्हणत. “फोटोत खणखण करतात.” डोळ्यांनाही ऐकू येते, हे कवितेच्या तासाला पटवून देताना पुढे मी ही खणखण त्यांच्याकडून नेहमी उसनी घेतली.

मीही त्यांना काही शब्द देऊ पाहिले. एकदा ‘तरल’ दिला. त्यांनी तो जिभेवर घोळवला आणि परत केला. “हे तं औषधाच्या बाटलीवर लिहिलं राहते, बाई. चमच्यानं घ्या म्हणून.” या गोष्टीला जपानी भाषेत एक स्वतंत्र शब्द आहे आणि जगभरचे छायाचित्रकार तो वापरतात, असे कुठेतरी वाचून मी त्यांना सांगितले, तेव्हा ते क्षणभर खट्टू झाले. मग म्हणाले, “असन. जपानातबी कोणी पिंजारी असनच ना.”

चाचांचे वडील पिंजारी होते. कोरपन्याकडचा कापूस घरात येई आणि गादीत भरण्याआधी धनुकलीच्या तारेवर पिंजला जाई. टणत्कार होत राही, कापूस हवेत चढे, झरोक्यातले ऊन त्यात अडकून बसे. आणि पलीकडे चुलीशी भाकरी थापणारी आई त्या तरंगत्या पांढऱ्यातून दिसे. “दिसे म्हणजे काय, अर्धीच दिसे,” चाचा सांगत. “बांगड्याचा आवाज पुरा येये. भाकरीचा वास पुरा येये. अन् अम्मी अशी… पिंजून ठेवल्यावानी.” एवढे बोलेपर्यंत समोरचा चहा निवून जाई. सगळ्या जन्माचा व्यवसाय एका झरोक्यात ठरून गेलेली माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

त्यांच्याकडे एक जुनी परदेशी लेन्स होती. वजनाला वरवंट्यासारखी, वर्णाला काळीभोर, आणि पोटातल्या उजेड आवरणाऱ्या पात्या इतक्या दाट की तिच्या बत्ताशाला कुठेही कोपरा येत नसे. तिचे नाव बेगम. आमच्याकडच्या दमट हवेत काचेला बुरशी धरते, म्हणून बेगम तांदळाच्या डब्यात राही. तोही जुना, मुरलेला तांदूळ हवा. नवा तांदूळ स्वतःच ओला असतो, असे चाचांचे म्हणणे. गावाबाहेरच्या भातसंशोधन केंद्रात जाऊन, कोणत्या वाणाचा तांदूळ ओल अधिक शोषतो, असे ते एकदा विचारून आले होते. तो शिजवल्यावर कसा लागतो, हे त्यांनी विचारलेच नाही. तिथल्या साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि निघताना कपाळाला हात लावून पाहिला म्हणतात. हे सांगणारी चाची होती, त्यामुळे त्यातले थोडे वजा करावे.

चाची ठेंगणी, गोरीपान, जिभेची तिखट. लग्नघरी चाचा फोटो काढायला निघाले की ती नवरीला मेंदी काढायला बरोबर जाई. “या घरात दोन बेगमा,” ती मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली. “एक तांदळात लोळते, दुसरी तांदूळ निवडते.” फोटोतले आपल्याला काही कळत नाही, हे ती अभिमानाने सांगे. “यायनं माहे ढीगभर फोटो काढले. मी पाहून राह्यली यायच्याकडं, अन् हे पाहून राह्यले माह्या मागच्या लिंबाले.”

चाचांना खापर फोडायला कोणीही चाले. फोटो बिघडला की दोष उजेडाचा असे, गिऱ्हाइकाचा असे, विजेच्या खात्याचा असे, चाचीने डब्यात घातलेल्या वांग्याच्या भाजीचाही असे. बेगमचा कधीच नसे. बेगममध्ये खोट असूच शकत नव्हती.

शेजारच्या गावच्या एका धानवाल्याने नवा ट्रॅक्टर घेतला आणि झेंडूच्या माळा घालून थेट स्टुडिओसमोर आणला. समोर तो, त्याची बायको आणि म्हातारी आई, मागे ट्रॅक्टर. फोटो तयार झाला तेव्हा तो न्यायला आला. मी पायरीवरच होते.

“चाचा, ट्रॅक्टर कुठी हाय?”

“हा काय. लाल.”

“लाल तं हाय. ट्रॅक्टर कुठी हाय?”

“अरे, मंग लाल कशाचा हाय?”

“मले काय माहीत? मिरच्याचा असन!”

“मिरचीचा लाल असा नसते,” चाचा दुखावून म्हणाले. “मिरचीचा लाल टोचते. हा पाय, कसा बसला हाय. इंजिनचा लाल हाय हा.”

अखेर त्यांनी दुसरा फोटो काढून दिला, नंबरपाटीसुद्धा वाचता यावी असा. पहिला मात्र दुकानात दर्शनी लावला. पुढे केव्हातरी तोच धानवाला येऊन मुकाट्याने भिंतीवरचा फोटो मागून घेऊन गेला. “त्याच्यात माय चांगली दिसते,” एवढेच म्हणाला.

वाघ पाहायला आलेले शहरी लोक तोफेएवढ्या लेन्स घेऊन कधीमधी दुकानात डोकावत. एकाने वाघिणीचा फोटो मोठ्या कौतुकाने दाखवला. चाचांनी वाघिणीवर अंगठा ठेवला. मागे उजेडाच्या कड्या होत्या, प्रत्येकीच्या मधोमध भोक. “वडे तळले तुमी, साहेब,” चाचा म्हणाले. “उडदाचे.” साहेब हसले नाहीत. चाचीने आतून विचारले, “वाघीण तं चांगली हाय ना?” “हाय ना,” चाचा म्हणाले, “वाघिणीत काय बिघडते? थे तं आईच्या पोटातून तशीच निंगते.”

सरकारी कागदांसाठी लागणाऱ्या फोटोंना मागे पांढरा पडदा लावावा लागे, आणि तो लावताना त्यांचा चेहरा मयताला आल्यासारखा होई. “मागं काहीच नाई. हा माणूस कुठून आला, कसं समजन? ढगातून पडला काय?” मोबाइलने आपोआप धूसर केलेल्या पार्श्वभूमीचा तर त्यांना मनस्वी संताप. माझ्या विद्यार्थिनी मुद्दाम त्यांना खिजवायला असे फोटो आणून दाखवत. “हे पाय, कान खाल्ला तुया मोबाइलनं! अन् हे बैलाचं एक शिंग कुठी गेलं? कैचीनं कापून काढते तो. मऊ करणं वेगळं, पोरी, कापणं वेगळं.” मुली हसत, पण पुढे त्यांतल्याच कितीतरी जणी आपल्या लग्नाचे फोटो चाचांकडूनच काढून घेत, हेही खरे.

आणि धूळ! बल्लारपूरकडची कोळशाची धूळ, सिमेंटची धूळ, यांविषयी साऱ्या जिल्ह्याची तक्रार. चाचा मात्र एखाद्या संध्याकाळी खास रेल्वेने तिकडे जात, फलाटाच्या टोकाला उभे राहत आणि कामावरून परतणाऱ्या माणसांचे फोटो काढून आणीत. मागे मावळतीचा सूर्य त्या धुळीत जर्दाळूच्या रसासारखा पाझरलेला. “छातीले खराब,” ते कबूल करीत. “पण मागचं काय येते, बाई!” मग खोकत.

मी आता त्या गावात राहत नाही. कोणी चाचांविषयी विचारले की बत्ताशे आणि बांगड्या सांगून मी त्यांना हसवते. पण माझ्या मनात चाचा उभे राहतात ते एका थंडीतल्या दोन दिवसांत.

त्याआधीच्या उन्हाळ्यात गडचिरोलीकडच्या रानातल्या एका गावी मैनाबाई म्हणून एकीच्या मुलीचे लग्न होते. चाचा फोटो काढायला गेले, चाची मेंदी काढायला. मेंदी सुकेपर्यंत बायका बोलतात, तशी मैनाबाई चाचीशी बोलली. पलीकडच्या गावी तिचा थोरला भाऊ, दसरू. रानातल्या गावांत मोहाची झाडे घराण्यांत वाटलेली असतात. कोणाच्या झाडाचे फूल कोणी वेचायचे, हे सारे गाव जाणते. मैनाबाईच्या माहेरचे एक झाड आईने जाताना लेकीला दिले होते. एका चैत्रात मैनाबाई टोपली घेऊन तिथे पोहोचली, तर दसरूची बायको फुले वेचून परतत होती. शब्दाला शब्द लागला. दसरू बायकोच्या बाजूने उभा राहिला आणि म्हणाला, “तुया दारात पाय ठेवणार नाई.” तो शब्द त्याने भाचीच्या लग्नातही पाळला. मामाच्या नावाचे लुगडे एका चुलतभावाने दिले. मैनाबाई लग्नभर हसत होती आणि दर थोड्या वेळाने वाटेकडे बघत होती.

धानाची मळणी आटोपल्यावर ती अल्बम न्यायला सिंदेवाहीला आली. थंडीचे ऊन दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आले होते; मी आणि चाची तिथेच बसून चहा पीत होतो. मैनाबाईने हात पदराला पुसले आणि एकेक पान उलटत गेली. जावई पाहून लाजली, विहिणीचा फोटो पाहून खुदकन हसली. एका पानावर मात्र तिचा हात थांबला.

तो फोटो मला आजही दिसतो. हळद माखलेली मुलगी खळाळून हसते आहे. तिच्यामागे कोवळ्या पानांचा तांबूस रंग सावलीच्या करड्यात निथळत गेला आहे. आणि त्या सगळ्या मऊपणात, दूर कडेला, एक काळपट उभा आकार; किंचित कललेला, माथ्यावर पांढऱ्याचा पुंजका.

मैनाबाईने त्यावर बोट ठेवले. “हा माहा दसरू.”

चाचांनी तोंड उघडले. त्यांच्या ‘मागच्या’त कोणी जांभळीला आंबा म्हटले तरी ते खपवून घेत नसत. “नाई, मैनाबाई, ते…”

“दसरूच हाय, भाऊ!” तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. “हा पाहा ना, डोक्यावर टॉवेल. अन् उभा कसा हाय, एका पायावर भार देऊन. लहानपणीपासून असाच उभा राहते थो, बगळ्यावानी. आला होता म्हणजे! झाडाआड उभा राह्यला असन. दारात पाय नाई ठेवला बदमाशानं, पण आला तं होता!”

चाचांचे तोंड उघडेच होते. मग ते हळूहळू मिटले.

“उद्याच त्याच्या घरी जाऊन दाखवीन,” मैनाबाई म्हणाली. अल्बम तिने स्वच्छ फडक्यात बांधला, छातीशी धरला आणि बस गाठायला निघून गेली.

ती वळणाआड गेल्यावर मी चाचांकडे पाहिले. त्यांच्या कपाळावर थंडीत घाम आला होता.

“ते खोड हाय, बाई. तिच्या आंगणापलीकडचं, सागाचं जळकं खोड. अन् त्याच्यावरचा टॉवेल माहा हाय. मीच टाकला होता. मागं लय अंधार होत होता, चिमूटभर पांढरं लागत होतं.”

“मग सांगितले का नाही?”

“कसं सांगू? तुमी तिचं तोंड नाई पाह्यलं?” ते उठले, बसले, पुन्हा उठले. “उद्या थे जाईन. चारचौघांत फोटो पुढं करन. अन् दसरू म्हणन, मी आलोच नोतो. मंग? आता निदान तिले वाटते तरी की कधीतरी थो येईन. उद्या ते वाटणंबी जाईन. माह्या टॉवेलापायी!”

तेव्हा असे ठरले की सकाळी लवकर निघून मैनाबाईच्या आधी दसरूला गाठायचे आणि सगळे सांगून टाकायचे. पुढे तो जे करील ते करील. निदान त्याला अवचित काही बोलून जाण्यापासून थांबवता येईल. चाचांना बोलताना धीर राहणार नाही, म्हणून मी. आणि चाची आपण होऊन. “तुमाले दोघाले सोडलं, तं एक फोटो काढत बसन अन् दुसरी त्याच्यावर कविता करत बसन.”

काळीपिवळी जीपमध्ये आम्ही कोंबलेले होतो. गुडघ्यांवर कोणाची तरी वांग्यांची पाटी, खिडकीतून धुक्याचा आणि कापलेल्या धानाचा ओलसर गोड वास. अर्ध्या वाटेवर चाक पंक्चर झाले. ते बदलून झाले आणि पाहतो, तर चाचा नाहीत. दूर धानाच्या बांधीत, दवाने भिजलेल्या धसकटांत, ते पोटावर आडवे पडले होते. कापून रचलेल्या पुंजण्यांच्या मागून कोवळे ऊन येत होते आणि शेतभर बत्ताशेच बत्ताशे सांडले होते.

“आवो!” चाची रस्त्यावरून ओरडली. “तिकडं बहीण-भावाचं जुळते का तुटते, अन् तुमी गवत पाहून राह्यले!”

“आलो, आलो! एकच! साय हाय इथी, साय!”

त्या एका ‘एकच’ने आमचा घात केला. दसरूच्या आवारात पोहोचलो, तेव्हा मैनाबाई बाजेवर बसलेली होती.

आवार शेणाने नुकते सारवलेले, अजून ओले. कोपऱ्यात लाकडांचा धूर. दसरू उंच, हडकुळा; जमिनीवर उकिडवा बसून मांडीवरच्या अल्बमवर वाकलेला. त्याची बायको दाराची चौकट धरून उभी. दोन-चार शेजारी कुडावरून वाकून बघत होते. आम्ही फाटकाशीच थबकलो.

“सांग ना, दादा,” मैनाबाई म्हणाली. तिचा आवाज चढा होता, पण हातातला पदर ती पिळत होती. “तूच हायेस ना हा?”

दसरूने फोटो जवळ घेतला, लांब धरला. त्या काळपट आकारावर त्याने नखाने अलगद एक रेघ ओढली, वरून खाली. एक कोंबडी आमच्या पायांतून गेली.

चाचांना राहवले नाही. “दसरूभाऊ, ते माह्या…” चाचीने त्यांचा सदरा मागून असा ओढला की त्यांचा शब्द घशातच राहिला.

“मीच हाव,” दसरू म्हणाला.

मैनाबाईने तोंडावर पदर घेतला. दसरूने मान वर केली नव्हती. “पण टॉवेल लय पांढरा दिसून राह्यला,” तो सावकाश म्हणाला. “माहा तं मळकाच राहते.”

आता सगळ्यांनी चाचांकडे पाहिले. कुडावरच्या शेजाऱ्यांनीही. चाचांच्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत बेगम.

“ते… लेन्सचं हाय,” चाचा म्हणाले. आवाज बसला होता. “जुनी झाली. पांढऱ्याले जास्तच पांढरं करते. खोट हाय तिच्यात.” आणि असे म्हणताना त्यांनी पिशवीवर तळहात ठेवला, निजलेल्या मुलाचा कान झाकावा तसा.

दसरूची बायको चौकट सोडून बाहेर आली. तिने पाण्याचा तांब्या मैनाबाईपुढे धरला आणि जमिनीकडे बघत म्हणाली, “यंदा मोहाले तू माह्या आधी ये, बाई. नाईतं संगच जाऊ. दोन टोपल्या होतीन.”

“संगच जाऊ,” मैनाबाई म्हणाली. “अन् या लोकायले बसायले तं सांग. उभेच हायेत मघापासून, खांबावानी.”

आम्ही जेवूनच निघालो. रस्त्यापर्यंत दसरू सोडायला आला. डोक्यावर टॉवेल होता आणि तो खरोखरच मळका होता. काळीपिवळीची वाट पाहताना त्याने पायाने एक खडा मागे-पुढे केला.

“मी निंगालो होतो, चाचा. त्या दिवशी. नाल्यापर्यंत आलो. लुगडं पिशवीत होतं. नाल्यापाशी बसून ढोल आयकला, अन् परत आलो.” मग तो ओशाळे हसला. “फोटोतला दसरू माह्याहून थोडा पुढं निंगाला.”

चाचांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. गाडी येईपर्यंत तो सोडला नाही.

परतीच्या गाडीत मात्र ते खुलले. भाऊ खोटे बोलला. पण काय बोलला! आणि आपणही काय बोललो! बहिणीला आता जन्मभर कळणार नाही की तिथे खोड होते. हे गुपित आपल्या तिघांचे आणि दसरूचे. मैनाबाईला ते कळू द्यायचे नाही म्हणून चाचांनी मला बजावले, मग चाचीला बजावले.

चाची खिडकीबाहेर बघत होती. “लग्नात त्या खोडाले शेळी बांधली होती,” ती म्हणाली.

“असन. मंग?”

“थे फोटोत येत होती. तुमी म्हटलं, शेळी हटवा.”

“हो, हटवली ना. काळी होती. मागं चिवडा करत होती.”

“हटवली कोणं?”

चाचा विचारात पडले. पुढे कोणाची तरी वांग्यांची पाटी डुलत होती.

“मैनाबाईनं,” ते म्हणाले.

“अन् टॉवेल कोणाच्या हातात देल्ला होता, खोडावर टाकायले? तुमी तं बेगम धरून उभे होते.”

“तिच्याच,” चाचा म्हणाले आणि त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. बाहेर साग, तेंदू, बांबू वेगात एकमेकांत मिसळत मागे जात होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे तिकडे लक्ष नव्हते. त्यांची केशरी दाढी हलू लागली. मला वाटले, रडतात की काय.

“म्हणजे,” ते अखेर म्हणाले, “त्या फोटोत खोड पाहून राह्यलो होतो मी एकटाच!”

आणि ते असे हसू लागले की चालकाने गाडी हळू करून मागे वळून पाहिले.